चार बाजूंची गोधडी

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. प्रवासात शेजारच्या बाईच्या विणकामात तिला चूक दिसली, ती तिने उसवायला लावली आणि परत विणून घेतली. त्यामुळे वेळ कसा गेला कळलंच नाही म्हणते. त्या बाईचा कसा गेला ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

हे फोनवर का सांगत नाही, असं तुझ्या मनात येईल. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि आईची खुर्चीही तिथेच आहे. ती तिने आल्या दिवशीच फोनशेजारी सरकवून घेतली. म्हणून पत्र.

तिच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले होते. ते अजून रिकामेच आहेत. ती रोज पलंगाखालची ट्रंक ओढते, कपडे काढते, धुते, वाळवते, घड्या घालते आणि परत ट्रंकेत ठेवते. कपाट कशाला भरायचं, मी काय कायमची आलेय, असं मला दोनदा ऐकवून झालं. डिसेंबरात पायरीवरून घसरली त्याचं नाव काढलं तर म्हणते की चूक पायरीची होती. रविवारी चर्चला येते, पण शेवटच्या बाकावर, दाराजवळ. बाकी सगळं तिच्यासाठी ‘तुमचं’ आहे: तुमचं चर्च, तुमची गाणी, तुमचे पाळक फार हळू बोलतात. मेच्या शेवटच्या रविवारी आमच्या चर्चला पंच्याहत्तर वर्षं होतात. तेवढा समारंभ बघते आणि आपल्या घरी जाते, असं तिने जाहीर केलंय.

आता मी काय केलं ते ऐक. वेदीमागच्या भिंतीची ओल यंदा काढली, नवा गिलावा झाला आणि ती भिंत आता इतकी पांढरी दिसते की उपासनेला बसलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. समितीत पाळक म्हणाले, तिथे काहीतरी रंगीत हवं, आपल्या हातचं हवं. कुणी चित्र सुचवलं, कुणी पडदा. मी, समितीची चिटणीस, मध्येच बोलून गेले की माझी आई गोधड्या शिवते. झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतेय की हे मी भिंतीसाठी केलं की आईला अडकवण्यासाठी. डायरीत दोन्ही उत्तरं लिहून पाहिली. दुसरं जास्त खरं वाटतं आणि त्याची लाजही वाटते. पण ताई, ती त्या घरात परत एकटी गेली तर मला इथे झोप लागायची नाही.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, सल्लाही थोडा पाठव.

तुझी,
धाकटी


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझी बहीण देवासमोर सुद्धा आधी चिटणीस म्हणून सही करेल. मी रागावल्यासारखं केलं.

अगं, आईला अडकवायचं म्हणे! तिला आजवर कुणी अडकवलंय? बाबांनी आयुष्यभर प्रयत्न केला, शेवटी तेच अडकले. तू सरळ विचार की, आई, इथेच राहशील का. एवढंच वाक्य आहे, त्याला डायरी लागत नाही. मी इथून उंटावरून शेळ्या हाकतेय हे मला कळतं. पण आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही आणि तिचे गुडघे, नाहीतर मीच तिला इकडे ठेवली नसती का?

आता घराचं. आमच्या मुलांच्या शाळेत एक नवे मास्तर आलेत. ते आणि त्यांची बायको आईचं घर मागतायत. माणसं चांगली आहेत, झाडांना पाणी घालतील अशी. पण त्यांना जूनच्या आत नक्की काय ते हवंय. मी त्यांना तुमच्या समारंभापर्यंत थांबवलंय, त्यापुढे नाही थांबवता येणार. आई येणार असेल तर घर तिचं. नसेल तर बंद घराला वाळवी खाण्यापेक्षा कुणाची भांडी वाजलेली बरी. तेव्हा तिच्या तोंडून काय ते काढ. मी विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही.

आणि तुझ्या चर्चमधल्या बायकांना एक सांगून ठेव. आईबरोबर शिवायला बसणारीने आपला टाका तिला दाखवायचा नाही. दाखवला की उसवला.

तब्येतीला जप. तुझा लोभ मला ठाऊक आहे, अक्षर तेवढं मोठं काढ.

तुझी,
ताई


ता. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या आईने चर्चचा हॉल ताब्यात घेतलाय आणि मी तिथे हमाल आहे. रोज संध्याकाळी ग्रंथालयातून सुटले की आधी हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावायच्या, फरशी पुसायची, सतरंजी घालायची, मग अस्तर पसरायचं. अस्तर चांगलं खोलीएवढं आहे, चारी बाजूंनी सारखं.

पहिल्याच दिवशी शिंपीकाका आपलं शिवणयंत्र हातगाडीवर घालून घेऊन आले. कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे, गळ्यात कायम टेप, आणि एवढी गोधडी आठवड्यात उडवून देतो ही बढाई. आईने यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली की यंत्राची शिवण म्हणजे घाईत उरकलेली प्रार्थना. यंत्र परत गेलं. काका मात्र राहिले. हातशिलाई येत नाही असं कोण म्हणेल ते बघतोच, म्हणाले. आईने त्यांचा पहिला धावदोरा बघितला आणि उसवला. दुसरा ठेवला. त्या दिवसापासून दोघांचं एकमेकांशी फार छान भांडण चालू आहे.

पद्धत आपल्या घरातलीच. लहानपणी तू, मी, आई आणि काकू चार बाजूंना बसायचो, आठवतं? तसंच इथे. मध्ये एक मोठा पिवळा गोल, आणि चारी बाजूंनी माणसं आपापल्या कडेला बसून मधल्या गोलाकडे शिवत जाणार. कुणी काय शिवायचं यावर समितीत बरीच खडाजंगी झाली असती, पण पाळकांनी सोपं केलं. ज्याने त्याने ज्यासाठी देवाचे आभार मानायचे ते शिवावं, आणि स्वतःच्या घरातल्या जुन्या कपड्यांचं शिवावं. नर्सबाई वॉर्डची खिडकी आणि खाली सहा खाटा शिवतायत, खाटा सगळ्या रिकाम्या. म्हणतात, ज्या सकाळी माझ्या खाटा रिकाम्या असतात त्या सकाळसाठी आभार. बेकरीवाली आईच्या शेजारी बसते. तिने तिच्या नवऱ्याच्या खाकी पँटचे पाव केलेत आणि लाल स्वेटरची भट्टी. काकांची कात्री. मी काकांच्या बाजूला, आईच्या समोर. मी आधी पुस्तकं शिवली. मग वाटलं, हे आभार की मिरवणं? ती काढली. मग दिवा शिवला. मग वाटलं, दिवा फारच धार्मिक झाला. शेवटी काकांनी वैतागून सांगितलं की बाई, तुम्ही नुसते आभार माना, शिवू नका. आता मी चहाची किटली शिवतेय. ती मला खरोखर आवडते.

आई काय शिवणार ते सांगत नाही. कापड झाकून ठेवते. पण ताई, एक गोष्ट घडली. चिंध्या हव्यात म्हणून तिने ट्रंक उपसली! बाबांचा निळा शर्ट, तुझा शाळेचा फ्रॉक, तिचे स्वतःचे दोन झगे, सगळं कापलं. उरलेले कपडे पलंगावर पडले होते, ते मी कपाटात ठेवले. तिने बघितलं आणि पुढची चिंधी कापायला घेतली.

अजून विचारलं नाही. विचारायला गेले की ती सुई ओवायला देते.

मास्तरांना जरा धीर धरायला सांग. थोडा तुझ्याकडचाही धीर पाठव, इकडे कमी पडतोय.

तुझी,
धाकटी


ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

किटली! बाकीच्या लोकांनी आशा, आरोग्य, अन्न वगैरे शिवलं आणि माझ्या बहिणीने किटली. हे दोन दिवस हसतायत.

माझा फ्रॉक कापला हे वाचून क्षणभर बरं वाटलं नाही, मग वाटलं, वेदीमागे लागतोय म्हणजे बढतीच की. ट्रंक रिकामी झाली यावरून तू मनोरे बांधू नकोस. आई चिंध्यांसाठी कुणाचेही कपडे कापते, त्यात स्वतःचेही आले.

काल मास्तरीणबाई आईच्या घरी येऊन खिडक्यांची मापं घेऊन गेल्या, पडद्यांसाठी. नुसतीच घेते म्हणाल्या. मला त्यांना थांबवता आलं नाही आणि हो पण म्हणता आलं नाही. घरात उभी होते तर असं वाटलं की आई आतून हाक मारेल आणि या कोण म्हणून विचारेल.

आई काय शिवतेय ते कळलं की लगेच कळव. ते घर असेल तर मला काय ते समजेल.

तुझी,
ताई

ता. क. विचार गं बाई एकदा तिला. सुई मी ओवून देते हवं तर.


ता. १९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरच आहे.

बाबांच्या शर्टाचं निळं दार, तुझ्या फ्रॉकच्या कौलांचं छप्पर, पायरी, पायरीवर मांजर. सगळं इतकं हुबेहूब की पायरीचा कोपरा फुटलाय तोसुद्धा आहे. मागच्या आठवड्यात तिने वरचं कापड काढलं तेव्हा सगळ्या बायका वा वा म्हणाल्या आणि मी चहा आणायला गेले. ज्यासाठी देवाचे आभार मानायचे ते शिवायचं होतं, आणि तिने माझ्या समोर बसून ते शिवलं. मला काय वाटायला हवं होतं? मला वाईट वाटलं. तिला आपलं घर आवडतं याचं वाईट वाटणं हा स्वार्थच आहे, हेही लगेच कळलं. पण कळल्याने काही कमी झालं नाही.

आता कालचं. वाचताना हसू नकोस. किंवा हस, मीच रडून घेतलंय.

काल गोधडी पहिल्यांदा भिंतीवर चढवली. सगळ्यांच्या मते आई वयाने मोठी, कामाची मुख्य, म्हणून मान तिच्या बाजूला. काकांनी दांडा घालायचा नेफा तिच्या कडेला शिवला होता. पाळक आणि काका शिडीवर चढले, दांडा आकड्यांत अडकवला, गोधडी सोडली, आणि आम्ही सगळे मागे जाऊन बघायला लागलो.

आईचं घर खाली डोकं वर पाय.

क्षणभर कुणालाच कळेना. मग एकेक दिसायला लागलं. बेकरीवालीच्या भट्टीतून पाव बदाबदा खाली पडतायत. नर्सबाईंची खिडकी आडवी आणि खाटा भिंतीला चिकटून उभ्या, पेशंट असते तर सगळे घरंगळले असते. मांजर पायरीला उलटं लोंबतंय. सुलट काय होतं सांगू? काकांची कात्री आणि माझी किटली. पंच्याहत्तर वर्षांच्या चर्चच्या वेदीमागे, साऱ्या रंगांच्या मध्ये, ऐटीत बसलेली माझी किटली.

ताई, ही गोधडी भिंतीवर लागणार हे आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी प्रत्येकाने आपल्या कडेला बसून, आपल्याला सुलट दिसेल असंच शिवलं, कारण गोधडी तशीच शिवतात. कोण कुठे बसतं याचा नकाशा मी स्वतः काढला होता. त्यावर सगळी नावं सुद्धा चार बाजूंनी चार तोंडांनी लिहिली होती, आणि मला काही खटकलं नाही! चिटणीस म्हणे.

काका आधी हसले. मग बेकरीवालीने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी उपाय काढला की उद्या सकाळी चार तुकडे करतो, फिरवतो आणि परत जोडतो. आई म्हणाली की गोधडीला कात्री लावायची असेल तर आधी माझ्या बोटांना लावा. दांडा दुसऱ्या कडेला घातला तर कात्री आणि किटली उलटी, आणि आडवे ते आडवेच. कसंही टांगलं तरी तीन बाजूंचे लोक नाराज. पाळक म्हणाले, उद्याच्या उपासनेनंतर बसू आणि ठरवू.

आई बाहेर पडताना एवढंच म्हणाली की गोधडीला डोकं आणि पाय नसतात, ती अंगावर घेणाऱ्याला असतात. घरी आल्यावर तिने विचारलं की आपल्याकडच्या गाड्या कुठल्या कुठल्या वारी असतात. मी सांगितलं. खोटं सांगावंसं वाटलं होतं, ते सांगत नाही. म्हणजे सांगितलंच.

समारंभ पुढच्या रविवारी. त्यानंतर ती जाते, असं धरून चाल. मास्तरांना नाही म्हणून सांग. घाईत लिहिलंय, लोभ वाचताना घालून घे.

तुझी,
धाकटी


ता. २७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मास्तरांना नाही म्हणून सांगितलं असशील तर परत काहीतरी सांग. काय ते मला माहीत नाही. आधी सगळं ऐक.

मागच्या रविवारची बैठक तासभर नुसती भांडली. बेकरीवालीचं म्हणणं, गिऱ्हाइकं चर्चला येतात, पाव जमिनीवर पडताना दिसले तर धंद्याचं काय? काकांचं म्हणणं, कात्री सुलट आहे हा देवाचा कौल. शेवटी नर्सबाई उठल्या. रात्रपाळी करून आल्या होत्या, फार बोलायचं नव्हतं. म्हणाल्या, जो पेशंट अंथरुणाला खिळतो त्याची आम्ही थोड्या थोड्या वेळाने कूस बदलतो, नाहीतर एकाच अंगाला जखमा होतात. हिचीही कूस बदलत राहा. चारी बाजू सारख्याच आहेत ना?

ताई, काका गळ्यातला टेप काढून चारी कडा मोजायला धावले. मग पाळक इतके जोरात हसले की आई म्हणाली, यांना मोठ्याने बोलता येतं तर!

तर असं ठरलं. चारी कडांना नेफे. तीन महिन्यांनी गोधडी फिरवायची. वर्षभरात प्रत्येक बाजू एकदा सुलट. नेफे यंत्रावर शिवायची काकांना आईने परवानगी दिली, आणि काकांनी ते यंत्र असं मिरवत आणलं जसं काही त्यांचंच लग्न आहे.

मग पहिली पाळी कुणाची? सगळे एकदम म्हणाले, आजींची. समारंभाला पाहुणे येणार, तेव्हा आजींचंच घर सुलट दिसलं पाहिजे. पाळकांनी लिहायला सांगितलं, मी लिहायला घेतलं. आई म्हणाली, खोड ते. पहिली पाळी नर्सबाईंची, डोकं त्यांनी चालवलं. मग बाकीचे घ्या. माझी बाजू शेवटी ठेवा.

काकांनी विचारलं की आजी, शेवटची पाळी म्हणजे फेब्रुवारी उजाडेल, तोवर तुम्ही इथे असाल का? आई म्हणाली की तुमचे नेफे तोवर टिकतील का, ते बघा.

काल समारंभ झाला. खाटा सुलट होत्या, खिडकीतून पिवळा गोल उगवल्यासारखा दिसत होता. माझी किटली आडवी पडून सांडत होती, फार छान दिसत होती. आई पुढच्या बाकावर बसली होती, कारण मागून टाके दिसत नाहीत म्हणे.

येताना रस्त्यात मी विचारलं. अखेर विचारलं! म्हणजे, शेवटची पाळी मागितलीस त्याचा अर्थ काय धरायचा, असं विचारलं. ती म्हणाली, खाली बघून चाल, खड्डा आहे. खड्डा खरंच होता. आता मी काय समजू? तिला गोधडी सुलट झालेली बघायची आहे म्हणून ती थांबणार, की शेवटचा नंबर घेणं हा नुसता तिचा मोठेपणा? ट्रंक अजून पलंगाखाली आहे. मला जे हवं तेच मी यात वाचत असेन तर? मास्तरांचं तूच ठरव, माझ्या आशेवर घर भाड्याने देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


ता. २८ मे

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाकटी ग्रंथालयात गेलीय तेवढ्यात लिहिते. काल तिने तुला चार पानं लिहिली, मला दिसलं. त्यात मी काय बोलले ते असेल आणि त्याचा अर्थ काय असेल तेही असेल. तू अर्थ वाचू नकोस. मी सरळ सांगते.

घर त्या मास्तरांना दे. मापं घेऊन गेले म्हणे, मग पडदेही लावू दे. पायरीचा कोपरा आधी दुरुस्त करून घे, त्यांच्या बायकोला दिवस गेलेत असं तूच फोनवर म्हणालीस. माझे घराचे आभार मानून झाले. ते मी शिवलं तेव्हाच. जिथून निघायचं असतं तिथले आभार मानून निघावं, एवढंच होतं ते. धाकटीने बघितलं आणि तोंड एवढंसं करून चहा आणायला पळाली. अर्धा तास झाला तरी चहा नाही.

गाड्यांची चौकशी केली ती एवढ्याचसाठी की तुला इकडे बोलवायचं आहे. उरलेली भांडी आणि माझी मोठी कढई घेऊन ये, इथे सगळी भांडी एका माणसाची आहेत.

आता मी इथे का राहते ते तुला सांगते, तिला सांगू नकोस. मी आले त्या रात्री बघितलं, ही पोर ओट्याला टेकून उभ्याउभ्या जेवते. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने पातेल्यातूनच. ताट घेत नाही, कशाला एक ताट घासायचं म्हणते. मी काही बोलले नाही, कारण तुमचे बाबा गेल्यापासून मीही तेच करत होते. तू यायचीस तेव्हा ताट मांडायचे म्हणून तुला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन ताटं घेतली आणि बसले. ती समोर येऊन बसली. पहिले चार घास पुस्तक मांडीवर होतं, मग बाजूला गेलं. त्या दिवसापासून दोघी बसून जेवतो. एवढंच कारण आहे.

तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, माझ्यासाठी तू तुझं घर सोडू नकोस, आणि वर्षभर स्वतःला दोष देत बसली असती. त्यापेक्षा म्हातारी गोधडीसाठी अडून बसलीय, असं वाटू दे. हट्टी म्हातारीचं कुणाला ओझं वाटत नाही. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी काढीन. पाळकांच्या घरचे पडदे मी बघून ठेवलेत.

जावईबापूंना आणि मुलांना आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, तो मागायला मी काय परकी आहे.

जिना वाजला. ती आली, ताटं घेते.

तुझी,
आई